हिरीसाठी

"भिंतीले टेकू नका वो, अंगाले कापूस लागन," रामीबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. त्या घरात कापूस लागणार नाही अशी जागाच उरली नव्हती.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पहिल्या वेच्याचा कापूस मागच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. दार लोटून घेतलं तरी फटीतून तो बाहेर येत होता. त्या खोलीत आवाज टिकत नसे. जमुना लहानपणी तिथे लपायची. आई दारातच उभी राहून हाक मारायची, पण ती हाक फार लांबून, दुसऱ्याच कुणाच्या आईने मारल्यासारखी ऐकू यायची. तिला त्याची भीती वाटायची, आणि तरी ती रोज तिथेच लपायची.

समोर सतरंजीवर जमुनाच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. इंदुमती यवतमाळच्या एका वकिलाची बायको. सत्यशीला घाटंजीच्या शाळेत शिकवायची, आणि जमुना दारव्ह्याच्या. नागपूरच्या महिला महाविद्यालयातून तिघी एकाच वर्षी बी.ए. झाल्या, आणि वर्षाच्या आत इंदूने 'माजी विद्यार्थिनी मंडळ, यवतमाळ जिल्हा शाखा' काढली. दर दिवाळीच्या सुटीत एकीच्या घरी बैठक. जमुनाची पाळी मागे आली तेव्हा तिने ती दारव्ह्याच्या भाड्याच्या खोलीत उरकली होती. यंदा सत्यशीलाने बजावलं, "खोलीत नाही. तुह्या तांड्यावर." नाही म्हणायला जमुनाला कारण सापडलं नाही.

"शाखेची गणसंख्या पूर्ण," इंदू म्हणाली. "तीनपैकी तीन हजर."

"चौथी आली तं तू निवडणुकीत पडशीन," सत्यशीला म्हणाली. "म्हणूनच तू कोणाले घेत नाही."

इंदू रामीबाईच्या घागऱ्यावरचे आरसे निरखत होती. "काकू, हे एवढे आरसे तुम्ही स्वतः लावता?"

"तं काय सरकार लावते?"

दोघी मैत्रिणी हसल्या. जमुनाही हसली. तिला हायसं वाटलं. सकाळपासून ती आईच्या प्रत्येक शब्दाकडे, कानांवर लोंबणाऱ्या चांदीकडे, कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांकडे इंदूच्या डोळ्यांनी पाहत होती. इंदूच्या डोळ्यांत मात्र कौतुकाशिवाय काही नव्हतं. भाकरी झाली, वांग्याची भाजी झाली, इंदूने ठेचा मागून घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. सगळं नीट चाललं होतं.

आणि मग डोळे पुसता पुसता इंदू म्हणाली, "काकू, एक बोलू का? इतकी वर्षं मनात आहे. तुमची बहीण गेली तेव्हा तुम्ही होस्टेलवर आला होतात. मी खिडकीतून पाहिलं होतं. तसं रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आम्ही सगळ्या त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभ्या राहिलो होतो, माहीत आहे तुम्हाला?"

रामीबाईचा हात भाकरीच्या टोपलीवर तसाच राहिला. तिने जमुनाकडे पाहिलं.

रामीबाईला बहीण नव्हती.

बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडतात. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात. एक रडता रडता विचारते, कशी होतीस, कुणी जेवू घातलं का, कुणी बोललं का. दुसरी रडता रडताच उत्तर देते. मग दोघी पदराने तोंड पुसतात आणि हसून बोलायला लागतात. उत्तर आलं की भेट पुरी झाली.

सत्तावन साली, जमुनाच्या पहिल्या वर्षी, रामीबाई नवऱ्याला घेऊन नागपूरला गेली होती. लेक गेटाशी दिसली, तशी तिने गळ्यात पडून भेट सुरू केली. खिडक्या उघडल्या. मुली जिन्यावरून धावत आल्या. रेक्टरबाई हातातलं विणकाम घेऊनच आल्या, त्यांनी रामीबाईला दोन्ही खांद्यांना धरून बाजूला केलं, पाणी पाजलं, आणि जमुनाला हळूच विचारलं, "कोण गेलं, बाळ? आईची बहीण का?" सगळ्या मुली पाहत होत्या. जमुनाने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते तिला स्वतःलाही पुढे कधी नक्की सांगता आलं नसतं. रेक्टरबाईंनी होय धरलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता पाळली गेली. मेसमध्ये त्या दिवशी शिरा होता, तो मुलींनी परत पाठवला. कुणीतरी तिच्या उशीवर धुतलेला रुमाल ठेवला. तोवर तिच्याशी फारसं कुणी बोलत नसे. त्या रात्री इंदूने आपली गादी उचलून तिच्याशेजारी आणली. एवढी माया परत कशी करायची, ते जमुनाला कळलं नाही. म्हणून तिने ती ठेवून घेतली.

त्यानंतर रामीबाईने लेकीला भेटताना कधी रडणं केलं नाही. डोक्यावर हात ठेवायची, बस.

"हो, बाई," आता रामीबाई इंदूला म्हणाली. "गेली बिचारी."

"काय नाव होतं त्यांचं?"

"हिरी."

रोजचंच नाव घ्यावं इतक्या सहज ती म्हणाली. "इंदू, चहा घेतेस ना?" जमुना उठत म्हणाली.

"बस जमने," रामीबाई म्हणाली. "त्या दिवशी हिरीचं रडणं अर्धंच राह्यलं. या पोरी तिच्यासाठी उभ्या राह्यल्या. आज पुरं करतो."

तिने ओढणी तोंडावरून पुढे ओढली आणि दोन्ही हात जमुनाकडे पसरले. असं रडणं एकटीने करत नाहीत, समोर खांदा लागतो. जमुना चहाचं भांडं धरून उभीच राहिली. हात तसेच हवेत राहिले. मग सत्यशीला गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि तिने आपला खांदा दिला.

चाल सुरू झाली. हळू, खालून वर चढणारी. गोरबोलीतले, तांड्याच्या बोलीतले शब्द इंदूला कळेनात. तिने जमुनाचा पदर ओढला. "काय म्हणतात गं? सांग ना."

आणि जमुना सांगू लागली. शाळेत कविता समजावून सांगते तशी, सपाट आवाजात.

"म्हणते, हिरी, तुझ्या हनुवटीवर तीन ठिपके होते, ते तुझ्या आईने गोंदले... म्हणते, तुझ्या डाव्या पायात काटा मोडला, तो निघालाच नाही, तू लंगडत पाण्याला गेलीस... म्हणते, तुझी लेक शिकायला गेली. तू गाडीमागे बांधापर्यंत गेलीस आणि मग बसलीस..."

तिथे जमुना थांबली. ओढणीखाली आईची हनुवटी दिसत होती. त्यावर तीन ठिपके होते.

"पुढे?" इंदू म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दोघी बहिणी अगदी सारख्या होत्या का गं?"

"म्हणते... तू कापसात निजलीस. मऊ निजलीस. तुला कुणी उठवलं नाही."

चाल वर चढली, आणि एका जागी थांबली. जमुनाला ती जागा ओळखीची होती. गेटाशी रेक्टरबाईंनी खांदे धरले ते इथेच. शेवटचे शब्द होते, 'मी दारात उभी आहे, बोल गं.' ते तिने इंदूला सांगितले नाहीत. "हो माय," सत्यशीला रामीबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "हो माय, हो."

रडणं ऐकून शेजारची म्हातारी धुरपताबाई काठी टेकत आली होती. "कोण मेलं वो?" तिने दारातूनच विचारलं.

"हिरी," रामीबाई म्हणाली.

"कोण हिरी?"

धुरपताबाई क्षणभर पाहत राहिली, मग तीही बसली आणि रडू लागली, कारण चालू रडण्यात शेजारणीने बसायचं असतं. पण उठताना तिने जमुनाला अंगणात गाठलं.

"जमने, तुही माय सगळ्या भावांत एकटी पोरगी. तिले बहीण कुठून आली?"

जमुना हातातलं चहाचं भांडं विसळू लागली.

"जे माणूस झालंच नाही, त्याच्यासाठी रडत नाहीत. रडणं मोकळं सोडलं की ते धनी धुंडते." म्हातारीने काठीने जमिनीवर एक टोला दिला आणि ती गेली.

ऊन कलायच्या आधी जमुनाचे वडील भावसिंग यांनी गाडी जुंपली. मैत्रिणी त्या रात्री दारव्ह्याला जमुनाच्या खोलीवर राहून दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी जाणार होत्या. इंदू पुढे जाऊन बसली. सत्यशीला चाकाशी रेंगाळली.

"जमुना, आमच्या घाटंजीच्या बाजारात तांड्यावरच्या बाया भेटतात नं, तवा मी लहानपणापासून पाह्यलं ते," ती हळू आवाजात म्हणाली. "गेटापाशी कोणी मेलं नव्हतं, हे मले तवाच ठाऊक होतं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तू बोलली नाही म्हणून." सत्यशीलाने चपलेतली माती झटकली. "आमच्या घरचं तुले माहीत आहे. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली, जुनं सगळं सोडलं, चांगलंच केलं. पण मायले अजूनबी कोणी गेलं की समजत नाही, आता रडायचं कसं. तुमच्याकडं रडायची पद्धत आहे. मले तं हेवा वाटते, खरं सांगतो. मले वाटलं, आज नाही तं उद्या बोलशीन तू."

"इंदूला काय वाटेल?"

"इंदूले? ती दुसऱ्या दिवशी मंडळात ठराव मांडन." ती हसली आणि गाडीत चढली.

संध्याकाळी मायलेकी चुलीशी बसल्या. रामीबाई भाकरी थापत होती. नेहमीसारखीच थापत होती, दुपारी काही झालं नसल्यासारखी.

"लहानपणी मी बहिणीसाठी लय हट्ट केल्ता," ती म्हणाली. "पाह्य, तुह्या कालेजानं देली."

जमुनाला हसता आलं नाही. "हिरी कोण, याडी?" तिने आईला विचारलं.

"ठाऊक नाही. तोंडात आलं." रामीबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. "पण रडता रडता दिसली मले. तिथं, कापसाच्या दारात. माह्यासारखीच होती, जराशी लहान. म्हटलं, थांब वो, पोरी जेवून राह्यल्या."

दार लोटलेलं होतं. फटीतून आलेला कापूस चुलीच्या उजेडात हलत होता. वारा नव्हता.

"असं बोलू नको," जमुना म्हणाली.

"बरं." रामीबाईने भाकरी उलटली. मग म्हणाली, "त्या दिवशी गेटापाशी मी भेट केली. तू उत्तर काहून नाही देल्लं? रागानं नाही पुसत. उत्तर आलं नाही तं माणूस भेटलं असं होत नाही. मले कधी कधी वाटते, मी तिथंच उभी आहो. गाडीनं घरी आली ती दुसरीच कोणी."

उत्तर जमुनाच्या अगदी ओठांशी होतं. फार मोठं नव्हतं ते. पण तिने कॉलेजात चार वर्षं जे काही वाचलं होतं, ज्यावर निबंध लिहिले होते, त्यात ते म्हणायची चाल कुठेच नव्हती. साध्या आवाजात म्हणावं, तर ते उत्तर होत नव्हतं. अंगणात गाडी परत आल्याचा आवाज झाला.

"सकाळी सांगतो," ती म्हणाली.

"सांग. घाई नाही."

पहाटे तिला जाग आली ती चालीने. मागच्या खोलीतून येत होती, कापसातून गाळून आल्यासारखी, लांबून. खालून वर चढणारी. आई कापसाचं काहीतरी करत असेल, असं तिला वाटलं. जमुना अंथरुणात पडून ऐकत राहिली. कालच्यासारखा धसका वाटला नाही. उलट, आज आपण बोलणार, ही गोष्ट तिच्या मनात झोपेतच कधीतरी पक्की झाली होती. चाल चढत त्या जागी आली आणि थांबली.

"आली, याडी," तिने हाक दिली. "चहा ठेवतो अन् आली."

तिने चूल पेटवली. पाणी ठेवलं. भावसिंग बैलांना चारा घालून आत आले.

"याडी कुठं?"

"कापसाच्या खोलीत. गाऊन राह्यली."

त्यांनी दार ढकललं. दार पुरं उघडेना, मागे कापूस ढासळला होता. ते आडवे होऊन आत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग जमुना गेली.

रामीबाई कापसाला टेकून बसली होती, ओढणी डोक्यावरून नीट घेतलेली. पापण्यांवर कापसाचे तंतू होते. भावसिंग तिचा पाय हातात धरून बसले होते.

"ही रातच्यालेच गेली," ते म्हणाले.

"नाही. आत्ता तं..."

"अंग लाकूड झालं, पोरी. हात लावून पाह्य."

"बापू, मी आत्ता ऐकलं."

भावसिंगांनी तिच्याकडे पाहिलं, तापात बरळणाऱ्या लेकराकडे पाहावं तसं. जमुनाने हात लावला. मग तिला दिसलं, की आईच्या शेजारी कापसात आणखी एक खळगा होता. एक माणूस टेकून बसलं आणि उठून गेलं, की पडतो तेवढा. ती पाहत असतानाच वरचा कापूस हळूहळू सरकला आणि खळगा बुजून गेला. बाहेर चहाचं पाणी उतू जात होतं.

निरोप गेले. भोवतालच्या तांड्यांवरून बाया येऊ लागल्या. प्रत्येक बाई अंगणाच्या कडेपासूनच चाल धरत येई, आणि आतली कुणी तिला उठून गळ्याशी घेई. रामीबाईला ओसरीवर आणून निजवलं होतं. बाया रडत होत्या: हनुवटीवर तीन ठिपके होते तुझ्या, रामी. पायात काटा होता, तो निघालाच नाही. लेक शिकायला गेली, तू बांधापर्यंत गेलीस. कापसात निजलीस, तुला कुणी उठवलं नाही.

काल दारात बसलेल्या धुरपताबाईशिवाय यातलं कुणीच काल नव्हतं. आणि धुरपताबाई एका कोपऱ्यात तोंड मिटून बसली होती. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

जमुना कोरडी होती. बाया येत, तिच्या गळ्यात पडत, विचारत, आणि उत्तर न मिळाल्यावर दुसरीकडे सरकत. शिकलेली पोरगी, असंच त्या धरून चालल्या, आणि ते कुणी टोचून बोलल्यापेक्षा वाईट होतं.

दुपार व्हायच्या आत दारव्ह्याहून मैत्रिणी परत आल्या. इंदूच्या अंगावर कालचंच लुगडं होतं. ती चपला न काढताच ओसरीवर चढली आणि जमुनाला घट्ट धरून हुंदके देऊ लागली. "जमुना, काय गं हे तुझं नशीब. आधी मावशी गेली, आता आई."

जमुनाने तिच्या खांद्यावरून पाहिलं. सत्यशीला पायरीशीच थांबली होती. ती जमुनाकडेच पाहत होती.

अंगणात माणसांनी तिरडी बांधून ठेवली होती. भावसिंग बाजल्याच्या काठावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. धुरपताबाई काठीच्या आधाराने उठली.

"लेक राह्यली," ती म्हणाली. "लेकीनं उत्तर देल्लं की उचला."

"शिकेल पोर आहे, राहू द्या," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"तं काय शिकेल पोरीले माय नसते?" म्हातारी म्हणाली.

जमुनाने इंदूचे हात अलगद सोडवले आणि ती आईच्या उशाशी जाऊन बसली. तिने आईच्या पापण्यांवरचा कापूस काढला. दोन्ही हात खांद्यांखाली घातले, भेटीत घालतात तसे. अंग जड होतं. तिने तोंड उघडलं तेव्हा आधी नुसता श्वासच बाहेर आला. मग चाल आली. फाटकी, मध्येच घसरणारी. लहानपणी विहिरीवर ऐकलेली, आणि कधी म्हटली नव्हती ती.

ती गोरबोलीत म्हणाली, याडी, मी आली. तू दारात उभी आहेस, मला दिसतेस. मला तिथे पहिले महिने कुणी जवळ बसवत नव्हतं, भाकरी गळ्याखाली उतरत नव्हती. तू आलीस, तेव्हा मला तुझ्याहून मोठ्याने रडायचं होतं. त्या सगळ्या पाहत होत्या. मी ऐकलं होतं, याडी. तुझा एक शब्दही माझ्या कानांवरून गेला नाही.

बाया तिच्याबरोबर रडू लागल्या होत्या. इंदू खांबाला धरून उभी होती. तिला यातलं अक्षरही कळत नव्हतं, आणि या वेळी काय म्हणतेस, असं तिने विचारलं नाही.

जमुनाने तोंड पुसलं. आईच्या खांद्यांखालचे हात तिने काढले नाहीत. मग ती इंदूकडे वळून, साध्या आवाजात, मराठीत म्हणाली, "इंदू, मला मावशी नव्हती. त्या दिवशी कुणी मेलं नव्हतं. ही माझी आई, आणि ती मला भेटायला आली होती."